सैल रिवेट

सांध्यावर लोखंडी पट्ट्या जोडणारे बहात्तर रिवेट होते. नरहरकाकांनी एकेक करत सगळे हातोडीने ठोकून तपासले, सैल निघालेल्या पाचांवर खडूने फुली मारली आणि ते शिडीवरून उतरले. राजघाटच्या पुलाच्या वरच्या मजल्यावरून ट्रक धडधडत होते. खाली रुळांशेजारून ऋताने त्यांना तीनदा हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

ती समोर जाऊन उभी राहिली. "काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

काका तिचे ओठ बघत होते. "अगं हळू! साऱ्या बनारसला सांगतेस का?" हसत त्यांनी हातोडी कमरेला खोचली. "चार वर्षं झाली."

पुलावर इंजिनिअर म्हणून येऊन तिला दोन महिने झाले होते. रिवेट घट्ट असला तर खणखणतो, सैल असला तर बद्द वाजतो, हे ती कॉलेजात शिकली होती. म्हणजे चार वर्षांच्या तपासण्या एका बहिऱ्या माणसाने केल्या होत्या.

"मला हे अहवालात लिहावं लागेल, काका."

"लिही ना. रिटायर व्हायला अकरा महिने आहेत, तेवढे स्टोअरमध्ये नट मोजत बसेन. पण बेटा, आधी पडताळा तर घे."

पलीकडच्या सांध्यावरही बहात्तरच रिवेट होते. आधी ऋताने ठोकले, कान देऊन. सात सैल वाटले. खुणा न करता तिने त्यांचे नंबर वहीत लिहिले. मग काका चढले. वरून ट्रक जात असतानाही त्यांचा हात चालूच.

"ट्रक तरी जाऊ द्या!" तिने खुणेने सांगितलं.

"मला काय त्याचं? इथे वर रस्ता, खाली गाडी. कान असलेल्याला तरी काय ऐकू येतं?" त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचं बोट रिवेटच्या मागच्या डोक्यावर टेकवलं आणि पुढून हातोडी मारली.

बोटाखाली काहीतरी बारीकसं थरथरलं.

"सैल असला की असा थरथरतो. आमच्या मिस्त्रींनी असंच शिकवलं," काका म्हणाले. त्यांनी नऊ नंबर सांगितले. तिने तेही लिहिले.

मग ऋताने हालचाल मोजायचं गेज काढलं आणि बहात्तरच्या बहात्तर रिवेटना लावलं. दुपार त्यातच गेली. काका शिडी धरून उभे होते.

सैल निघाले नऊ. काकांच्या यादीत नऊच्या नऊ होते, ऋताच्या सातांत त्यातले चारच.