ताटाचा फोटो

कामरगावचा जीपवाला दौलतसिंग आणि त्याची बायको रुपाबाई, दोघांचीही शुगर वाढलेली. पण पुण्याच्या लेकीनं फोनवरचा हेल्थ कोच लावून दिला तो फक्त बापाला. रोज दुपारी कोचला ताटाचा फोटो पाठवायचा. रुपाबाई भाकर, मेथी अन् काकडी वाढायची. फोटो निघाला की दौलतसिंग ताट तिच्याकडं सरकवायचा.

"हा पाला तूच खाय, मले भजे आन."

कोचची शाबासकी रोज यायची.

तीन महिन्यांनी दोघांनी रक्त तपासलं. त्याची शुगर आणखी चढलेली, तिची मात्र उतरलेली. डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "बाई, खाण्यापिण्याचं कोण सांगते तुमाले?"


रुपाबाईनं नवऱ्याकडं बोट केलं. "हे काय, बाजूलेच बसले."