नटावरची रेघ

जुन्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून तेल गळत होतं; मी खाली झोपून पिनियनचं सील बदलत होते. बारा वर्षांपासून थरथरणारे हात खिशात घालून बाबा स्टुलावर बसले होते. "दहा वर्षांपूर्वी मीच बदललं होतं. धसमुसळ्या मेकॅनिकला हात लावू दिला नव्हता. नट होता तिथेच परत यायला हवा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. खुणेसाठी पंचने ठिपका ठोकलाय, बघ." मी चिंधीने ग्रीस पुसलं. ठिपका नव्हताच. नटापासून शाफ्टपर्यंत गुलाबी नेलपॉलिशची सरळ रेघ होती. चहा घेऊन आलेल्या आईच्या चपला गाडीपाशी थबकल्या. "सापडली का माझी खूण?" बाबांनी विचारलं. "सापडली, बाबा. पक्की आहे." नवं सील बसवून मी नट रेघेवर आणला. पलीकडून आईचा हात बाटली घेऊन गाडीखाली आला. ती कुजबुजली, "गुलाबी संपलंय, लाल चालेल ना?"