पाच चाळीस

पोलिसांनी परत दिलेलं सुलभाचं घड्याळ पाच चाळीसला थांबलेलं होतं. समाचाराला आलेली माणसं ते एकमेकांच्या हातात देत निरखत होती.

"एसटी स्टँडवरचा स्फोट साडेपाचला झाला म्हणतात," तिचा धाकटा भाऊ तावातावाने म्हणाला. "मग हे दहा मिनिटं जास्त कसं चाललं? दुसरा बॉम्ब होता, तो दाबला. निवडणूक तोंडावर आलीय. सगळा सरकारचाच हात!"

"काहीतरीच काय! आपलंच सरकार आपली माणसं मारेल?" शेजारचे गुर्जर उसळले. "घड्याळ पुढे असेल."

"ताईचं? जन्मात कुठे वेळेवर पोचली नाही, ती घड्याळ पुढे ठेवेल?"

मुकुंद भिंतीला टेकून बसला होता. बायको गेल्यापासून कुणी उठवलं की तो उठायचा, कुणी चहा पुढे केला की प्यायचा.

"भाऊजी, तुम्हीच सांगा. घड्याळ बरोबर होतं ना?"

ऑफिस सुटल्यावर सुलभाची पाच पस्तीसची एसटी रोज चुकायची, आणि रोज त्यावरून मुकुंदची चिडचिड. म्हणून त्या सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना त्यानेच घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं होतं, तिला न सांगता. त्या दिवशी ती पहिल्यांदाच वेळेआधी स्टँडवर पोचली.

"बरोबर होतं," मुकुंद म्हणाला.

"ऐकलंत?" मेव्हण्याने मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हतो? हे सरकारनेच केलंय!"

मुकुंदने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"हो," तो म्हणाला. "सरकारनेच."