धुक्यातलं जनावर

परत मेल्यावर राजवर्धननं माऊस बाजूला सारला. पडदा लाल झाला होता आणि त्या लालीत डायनासोरचा जबडा सावकाश मिटत होता. जनावर कुठून आलं ते याही वेळी कळलं नाही. समोर नव्हतं. मागं नव्हतं. उजव्या कानाशी गुरगुरलं आणि खेळ संपला.

रविवारची दुपार होती. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत जेवणानंतरची सुस्ती होती. मुलगी आत झोपली होती. क्रांती कॉटवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. कॉम्प्युटर मुलीच्या अभ्यासासाठी आणलेला. तो बसवून देताना विजयसिंहनं गुपचूप त्यात हा गेम टाकून दिला होता. विजयसिंहचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि तो राजवर्धनचा शाळेपासूनचा दोस्त. कॉलेजात असताना दोघांनी तास बुडवून पेठेतल्या नेट कॅफेत हेच डायनासोर मारले होते. पुढं राजवर्धननं टुरिस्ट गाडी घेतली, रोजचे रस्ते मागं लागले, आणि गेम सुटला तो सुटलाच.

बोटं मात्र काही विसरली नव्हती. ओढ्यावरचं आडवं लाकूड, झाडांतली वाट, बंदुकीचा तो पोकळ आवाज, सगळं होतं तसं होतं. धुकंसुद्धा. त्या वेळच्या कॉम्प्युटरला लांबचं जंगल दाखवणं झेपायचं नाही, म्हणून चार झाडांपलीकडं सगळं पांढुरकं असायचं. जनावर दिसायच्या आधी ऐकू यायचं. त्यातच मजा होती. आताही समोरची वाट तेवढी स्वच्छ होती आणि कडेनं राखी पडदा होता. आठवणीपेक्षा तो जरा जवळ सरकल्यासारखा वाटत होता, एवढंच.

एक गोष्ट मात्र खटकत होती. पूर्वी धुक्यातून आधी सावली यायची, मग डोकं, मग दात. बंदूक उचलायला तेवढा वेळ मिळायचा. आता सावली येतच नव्हती. कुणीतरी अगदी शेजारी दबा धरून बसलंय आणि आपण त्याच्यासमोरून चाललोय, असं वाटून त्याच्या मानेवर काटा आला. भर दुपारी, स्वतःच्या घरात.

त्यानं विजयसिंहला फोन लावला. गेममध्ये बिघाड आहे, धुक्यातून जनावर येताना दिसत नाही, अशी तक्रार केली. विजयसिंह हसायलाच लागला.

"कसलं धुकं लेका? नव्या मशीनसाठी कंपनीनं गेम नव्यानं बनवलाय. धुकं काढून टाकलंय. लांबचा डोंगर दिसतोय आता. म्हणून तर तुला दिला."

चुकून जुनीच कॉपी टाकली असणार, असं म्हणून राजवर्धननं फोन ठेवला. गेमच्या सेटिंगमध्ये गेला. तिथं धुक्याची पट्टी होती आणि ती आधीच शून्यावर होती. त्यानं ती शेवटापर्यंत ओढली. सगळा पडदा पांढरा झाला. परत शून्यावर आणली. मधला पांढरा रंग विरघळला, वाट दिसायला लागली. कडेचा राखी रंग हलला नाही.

तो पुन्हा ओढ्यापाशी जाऊन उभा राहिला. गोळी झाडली नाही, पाऊल उचललं नाही. नुसता ऐकत राहिला. पाण्याचा आवाज येत होता. मग उजवीकडून ते श्वास घेतल्यासारखं गुरगुरणं.

क्रांती कपड्यांची चळत घेऊन कपाटाकडं निघाली होती. जाता जाता ती त्याच्या खुर्चीमागं थांबली. थोडा वेळ बघत राहिली.

"मारत का न्हाईसा त्याला?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"ते काय. मघापासनं झाडाला लागून उभं हाय. तुमच्याकडंच बघतंय."

राजवर्धनची नजर पडद्याच्या मध्यावर होती. तिथं वाट होती, पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. तो चेष्टा करतोय असं क्रांतीला वाटलं. तिनं त्याच्या डाव्या खांद्यावरून हात पुढं केला आणि पडद्याच्या उजव्या कडेला बोट टेकवलं. त्याला तिचा दंड दिसला. हिरव्या बांगड्या दिसल्या. मनगटाच्या पुढं हात नव्हता. राखी रंगात तो बुडून गेला होता.

त्यानं मान वळवली. मग तिचं बोट दिसलं. बोटाखाली जनावर होतं, झाडाएवढं, अंगावरचा एकेक खवला मोजता येईल इतकं स्पष्ट. त्याच्यामागं उन्हातले डोंगर थेट लांबवर पसरले होते. त्यानं मान परत सरळ केली. बोट गेलं. जनावर गेलं. डोंगर गेले.

पडद्यावर तो पुन्हा मेला. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो खिडकीकडं बघत होता. मग दाराकडं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. जिकडं बघावं तिथलं मधलं तेवढं स्वच्छ होतं, आणि उजव्या अंगानं तोच राखी पडदा होता. घरातसुद्धा.

काय झालं म्हणून क्रांती विचारत होती. त्याला सकाळचा रस्ता आठवला. आज सकाळीच ते तिघं रत्नागिरीहून, क्रांतीच्या बहिणीकडून परतले होते. आंबा घाट चढून, दरीच्या कडेकडेनं. गाडी तोच चालवत होता.

"सकाळी घाटात धुकं होतं न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

क्रांतीनं कपडे कपाटात ठेवले आणि दार लोटून घेतलं.

"धुकं कुठलं? लख्ख ऊन होतं की. पोरीला गाडी लागती म्हणून तुम्ही हळू चालवत होतासा न्हवं?"