दुसऱ्या सूचनेनंतर

गॅसवर चहा उकळत होता. तिने तव्यावरचे पावाचे काप उलटले, नवऱ्याचा इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ओले हात टॉवेलला पुसून ती खिडकीतल्या बोलक्या यंत्राकडे वळली. वाटीएवढा, राखाडी कापडात गुंडाळलेला तो स्पीकर तिला कचेरीत चांगल्या कामाचे बक्षीस म्हणून मिळाला होता.

"आज पाऊस येणार आहे का, सांगतेस जरा?"

यंत्राने नाही म्हणून सांगितले.

"बरं झालं. थँक यू हं."

टेबलाशी बसलेला नवरा फोनमधून मान वर न करता फिसकन हसला. तो स्वतः यंत्राला 'ए बये' म्हणे. कामाची घाई असली की बायकोलाही तेच.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. हेपण रेकॉर्ड करायला हवं होतं."

विमा कचेरीत तो दावे तपासत असे. पण त्याची खरी हुकमत चाले ती एका ऑनलाइन कट्ट्यावर. तिथे त्याला 'वस्तरा' म्हणत. कोणत्या फोनचा कॅमेरा भिकार, रोबोटच्या सिनेमात रडणारे लोक किती बावळट, यावर तिथे अहोरात्र वाद रंगत आणि शेवटचा वार बहुधा वस्तऱ्याचा असे. या आठवड्यातला वाद होता, यंत्राशी अदबीने बोलावे की नाही.

"काल तुझी क्लिप टाकली," तो म्हणाला. "पावाच्या डब्यामागं फोन ठेवून घेतली होती. काय उचलून धरलीय लोकांनी! हा बघ काय म्हणतो, 'ही बाई लिफ्टला दारापर्यंत सोडायला जात असेल.' आणि हा, 'टोस्टरला विचारते, भाजलं नाही ना रे बाळा?'"

"माझा आवाज टाकलास?"

"नाव नाही टाकलं. एवढा येडा नाही मी."

"नावाचं काय करायचंय? आमच्या कामावर सगळे एकमेकांना आवाजावरच ओळखतात. उद्या तिथं कुणी लावली तर मी तोंड कुठं लपवू?"

"ओळखू देत की. तेवढीच प्रसिद्धी."

तिने तवा खाली उतरवला. ती एका फोन कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर कानाला हेडसेट आणि पलीकडे बंद पडलेल्या लाइनींचा संताप. पुष्कळ लोक पहिली दोन वाक्ये तिला यंत्रच समजत आणि यंत्राला द्याव्यात तशा शिव्या देत. विभागाचा नियम साधा होता. अपमान झाला की पहिली सूचना, पुन्हा झाला की दुसरी. त्यानंतर फोन बंद करायचा. कारण सांगायचे नाही, निरोप घ्यायचा नाही.

"आपण ती क्लिप काढून टाकावी, ही विनंती," ती म्हणाली. "ही पहिली सूचना आहे."

आवाज कामावरचा होता. सपाट, स्वच्छ, कुठेही न खरचटलेला. नवऱ्याने आनंदाने मांडीवर थाप मारली.

"अरे वा! हे तर त्याहून भारी! मग नवऱ्याशी बोलायला काय दाबायचं, नऊ?"

"काढशील का ती?"

"काय संबंध? दिवसभर लोकांचे जोडे खातेस, तेव्हा नाही अब्रू जात? इथं निदान लोक हसतायत तरी."

"ही दुसरी सूचना."

"आणि नाही काढली तर? साहेबांना जोडून देशील?" त्याने पाण्याचा घोट घेतला. "तुला ना, गंमतच कळत नाही. सगळ्यात गाजलेला भाग तर तू ऐकलाच नाहीस अजून."

त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि बोट टेकवले.

स्वयंपाकघरात तिचाच आवाज उमटला. थकलेला, खालच्या पट्टीतला. "आज एका माणसानं आईवरून शिवी दिली गं. आईला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. मी म्हटलं, आपली गैरसोय झाली, क्षमस्व." मग यंत्राचे गोड उत्तर, "माफ करा, मला हे समजलं नाही." आणि त्यावर जोडलेला भरगच्च हशा, टाळ्या, शिट्ट्या.

"हशा मी घातलाय," तो म्हणाला. "टायमिंग बघ कसं साधलंय."

तिने गॅस बंद केला. भाजलेले काप ताटलीत काढून त्याच्यापुढे ठेवले. मग खिडकीपाशी जाऊन स्पीकरची वायर भिंतीतून काढली, तिचे नीट वेटोळे केले आणि स्पीकर कामावर न्यायच्या पिशवीत, हेडसेटच्या शेजारी ठेवला. आतल्या खोलीतून आईचा छोटा फोटो आणि दोन-चार कपडे आणले. तेही त्यात मावले. तोवर वस्तऱ्याला कोणीतरी उलट उत्तर दिले होते. त्याचे दोन्ही अंगठे भराभर चालत होते.

दार तिने आवाज न करता ओढून घेतले आणि जिन्याच्या कठड्याशी उभी राहून बहिणीला फोन लावला.

"ताई, तुझी मागची खोली अजून रिकामीच आहे ना? ... हो, आजच. कामावरून सरळ तिकडंच येते. ... नाही गं, रडत नाहीये."

बंद दारामागून हाक आली, "ए बये!" जरा वेळाने पुन्हा, चढ्या आवाजात, "ए बये, ऐकू येत नाही का?"

"कुणावर ओरडतोय गं तो?" फोनमधून ताईने विचारले.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.