टेम्पोतला खोकला

नवऱ्याची बदली ऐन थंडीत झाली. सामान टेम्पोत कोंबलं आणि पुढे ड्रायव्हरमामांशेजारी आम्ही दाटीवाटीनं बसलो. आमची लेक चिमी माझ्या मांडीवर. तिचा खोकला काही केल्या थांबेना. प्रत्येक उबळीच्या शेवटी छातीत बारीक शिट्टी वाजायची.

घाटात धुकं उतरू लागलं, तशी ती झोपली. मला हायसं वाटलं.

मग खोकला पुन्हा आला. मागून, सामानातून.

मी चिमीकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मांजर शिरलं असेल," नवरा म्हणाला.

पुन्हा खोकला. शेवटी तीच शिट्टी.

मामांनी न सांगताच गाडी बाजूला घेतली. "साहेब, तुम्हीच बघून या. मी काही उतरणार नाही."

नवरा उतरला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या अंगात स्वेटर नव्हता. दात वाजत होते.

"काय होतं?"

"काही नाही. मामा, जरा हळू घ्या. तिला आत्ताच झोप लागलीय."

"अहो, ही तर केव्हाची झोपलीय."

तो दाराला चिकटून बसला. माझ्या मांडीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.