न पाहिलेले भाग

"आई, तुझ्या मालिकेने रेकॉर्डरमधली सगळी जागा खाल्ली. माझी मॅच रेकॉर्डच झाली नाही," मिहिर वैतागून म्हणाला. "पाहिलेले भाग काढून टाक ना."

"पाहिलेले नाहीतच," कुंदाताई मटार सोलत म्हणाल्या.

सून शाल्मली ऑफिसातून आली की दोघी ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायच्या आणि जाहिराती पळवत रेकॉर्ड केलेला भाग बघायच्या. एकीने दुसरीला सोडून पुढचं बघायचं नाही, असं ठरलेलं होतं. शाल्मली वेगळी राहायला गेली, पुढे घटस्फोटही झाला. भाग मात्र रोज रेकॉर्ड होत राहिले.

रविवारी शाल्मली उरलेली पुस्तकं न्यायला आली. पाया पडून निघाली, तेव्हा कुंदाताईंनी टीव्हीमागच्या वायरी काढल्या, रेकॉर्डर टॉवेलात गुंडाळला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

"अगं आई, आणि माझी मॅच?" मिहिरने विचारलं.

"तुला कुणासाठी थांबायचं नसतं. तू लाइव्ह बघ."

शाल्मली दारातच घुटमळली. "आणि तुमचं काय?"

"शनिवारी येते तुझ्याकडे," कुंदाताई म्हणाल्या. "तोवर एकटीने बघू नकोस."